तिन्ही अर्ज मंजूर

बंगळुरात अर्ज लिहून देणारे पुष्कळ आहेत. अर्जनवीस फार थोडे आहेत. हा भेद पुण्यामुंबईकडून नोकरीनिमित्त येथे नव्याने आलेल्या मराठी मंडळींना ठाऊक नसतो. मंडळाच्या दिवाळी अंकाकरिता आपल्या धंद्याविषयी काही लिहावे असे संपादकांनी सुचविले, तेव्हा आरंभीच तो स्पष्ट करून टाकावा असे मी ठरविले. लिहून देणारा मनुष्य सांगितलेले उतरवून घेतो. अर्जनवीस सगळे ऐकून घेतो, आणि सांगणाऱ्याने जे सांगावयास हवे होते ते लिहितो.

माझे शिक्षण लोअर सेकंडरीच्या पुढे गेले नाही. तथापि महसूल कचेरीच्या आवारातील शिरीषाखाली उतरते मेज मांडून मी कानडीत व इंग्रजीत लिहिलेले अर्ज वाचताना बी. ए. झालेल्या कारकुनांनी मान डोलावलेली मी स्वतः पाहिली आहे. घरात मात्र आम्ही मराठीच. आमचे पूर्वज रंगारी. कापड रंगविण्याच्या धंद्यानिमित्त ते येथे आले आणि येथलेच झाले. त्यामुळे थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणतो, ‘थोडे थांबा’ म्हणावयाचे तेथे ‘स्वल्प थांबा’, ‘बरे’ म्हणावयाचे तेथे ‘सरी’, ‘रावसाहेब’ म्हणावयाचे तेथे ‘रायरे’ असे तोंडून जाते, आणि नवे लोक हसतात. हसोत. अडचणीच्या वेळी तेच माझ्या मेजासमोर येऊन बसतात.

अर्जाचे तीन भाग असतात: हकीकत, कारणे आणि प्रार्थना. हकीकत अर्जदाराची असते. प्रार्थना म्हणजे मागणे. ते कायद्यात बसणारे असावे लागते. कारणे मात्र अधिकाऱ्याच्या मनात शिरून शोधावी लागतात. प्रत्येक मनुष्याच्या अंतःकरणात एक देव्हारा असतो. कोणाच्या देव्हाऱ्यात न्याय बसलेला असतो, कोणाच्या स्वच्छता, कोणाच्या वाडवडिलांचा शब्द. त्या देव्हाऱ्यापुढे दिवा लावता आला पाहिजे. नुसते दार ठोठावून काही होत नाही.

उदाहरण देतो. आनेकलच्या रस्त्यालगत चिंचेची जुनी झाडे होती. रस्ता रुंद करावयाचा म्हणून ती तोडण्याचे ठरले. गावकरी माझ्याकडे आले आणि सावली, पाखरे, बाजाराला जाणाऱ्या बायाबापड्यांची विश्रांती असे सगळे सांगू लागले. ते मी ऐकले आणि बाजूस ठेवले. त्या वेळचे अधिकारी जुन्या संस्थानी शिस्तीत वाढलेले होते. वरिष्ठाच्या हुकमाला ते वेदवाक्य मानीत. मी चौकशी करून लिहिले की, सदर वृक्ष राजवटीच्या आज्ञेने लावले गेले असून ती आज्ञा अद्याप कोणी मागे घेतलेली नाही. झाडे राहिली. रस्ता त्यांना वळसा घालून गेला. आनेकलच्या बसमधून जाताना मी आजही डाव्या बाजूस बसतो, ते त्यांच्याकरिता.

याच्या उलट, येथल्या, म्हणजे बंगळुरातल्याच, शिवाजीनगरातील एका खाणावळवाल्याला समोरचा पिंपळ तोडून हवा होता. कावळे गिऱ्हाइकांच्या ताटांवर झडप घालतात अशी त्याची तक्रार होती. मी विचारले, “पिंपळावर कुऱ्हाड कोण चालवणार?”

“सरकार चालवील की.”

“सरकारला हात नसतात. चालवणारा एक माणूस घेऊन ये, मग लिहितो.”

तो दोनदा परत आला आणि दोन्ही वेळा एकटाच आला. शेवटी म्हणाला, “रायरे, माझा आचारीसुद्धा नको म्हणतो हो. पिंपळ तोडला तर वंश बुडेल म्हणतो.” मग त्याने अंगणावर पत्रा घातला. कायदा त्याच्या बाजूने होता. पण कायद्याला कुऱ्हाड धरावयास माणूस मिळाला नाही.

या दोन प्रकरणांमुळे माझी अशी खात्री झाली होती की, झाड असो वा पाणी, ते माणसांच्या श्रद्धेच्या बळावर वाचते, आणि कोणाची श्रद्धा कशावर आहे हे माझ्याइतके या शहरात कोणास कळत नाही. पुढे जे घडले ते या खात्रीमुळे घडले की खात्री असूनही घडले, याचा निवाडा वाचकांनी करावा.

आमचे घर तळ्याच्या बांधालगत होते. घर आहे, तळे नाही. शिवाजीनगरच्या बसथांब्यावरून चालत येता येईल इतक्या अंतरावर ते होते, आणि बांधावर गंगम्माचे दगडी ठाणे असल्याने सारे त्यास गंगम्माचे तळे म्हणत. हिवाळ्यात सकाळी पाण्यावर धुके असे आणि त्यात परटांची माणसे दिसत नसत. फक्त दगडावर कपडा आपटल्याचा आवाज येई, आणि तोच आवाज पलीकडच्या काठावरून किंचित उशिरा पुन्हा येई. माझे वडील सांगत की आमचे आजोबा निळीचे कापड याच पाण्यात धुवावयास आणीत, तेव्हा काठाशी पाणी घटकाभर निळे होई आणि पुन्हा निवळे. त्या पाण्याचा वास मला अजून येतो. शेवाळ, ओले सूत आणि कमळाचे देठ यांचा तो वास होता. अत्तराच्या दुकानात तो मिळत नाही. मी विचारलेले आहे.

पाऊस चांगला झाला म्हणजे तळे तुडुंब भरून सांडव्यावरून वाहू लागे. इकडे त्याला कोडी पडली म्हणतात. कोडी पडली की बांधावरच्या बायका सुपात हळदकुंकू, बांगड्या, धान्य आणि गूळ घालून त्यावर दुसरे सूप झाकीत, आणि ते सुपाचे वाण पाण्यावर सोडीत. कानडीत त्यास बागिन म्हणतात. नियम असा की, ज्या तळ्याची कोडी पडली त्याच्याच नावाने वाण सोडावयाचे. रिते तळे असता वाण दिले तर ती देवीची थट्टा होते. माझी अक्का लहानपणीच विधवा होऊन आमच्या घरी परत आलेली. वाण सोडण्याचा मान सवाष्णींचा. पण गंगम्माच्या ठाण्याची झाडलोट ती करी, म्हणून बांधावरच्या बायकांनी तिला तो मान आपण होऊन दिलेला होता. दुसरा कोणताही मान तिला जगात नव्हता.

एके दिवशी कचेरीत बातमी कळली की तळे बुजवून तेथे घरांची वसाहत बसवावयाची आहे. त्या संध्याकाळी बांधावर गंगम्मापुढे माणसे जमली. परटांचा म्होरक्या मुनियप्पा होता. रोज सकाळी बांधावर फेऱ्या मारणाऱ्या पेन्शनर मंडळींच्या वतीने, आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. सगळे त्यांना इन्स्पेक्टर म्हणत. बायकांच्या पुढे अक्का होती. मी मध्ये बसलो आणि सर्वांचा मिळून एकच अर्ज करावा असे सुचविले. हे मी मुद्दाम नमूद करतो.

इन्स्पेक्टर म्हणाले, “एकच करा, सरी. पण त्यात लिहा की तळं स्वच्छ ठेवलं तर लोकांचं आरोग्य सुधारतं. आणि त्यासाठी आधी इथलं कपडे धुणं बंद व्हायला हवं.”

मुनियप्पा उठून उभा राहिला. “स्वामी, तुमचं धोतर कोण धुतं?”

“तूच धुतोस. म्हणून तर विचारतो, त्यातली घाण जाते कुठे?”

“घाण तुमच्या अंगाची, स्वामी. मी नुसती काढतो. ती माझ्या नावावर कशाला लिहिता?”

लोक हसले. इन्स्पेक्टर हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. “आणि रायरे, कागदावर देवीबिवी नको. सरकारी माणसं वाचतात आणि हसतात. डासांचं लिहा, हवेचं लिहा.”

अक्का आतापर्यंत ठाण्याच्या पायरीवर वाती वळीत होती. ती मान वर न करता म्हणाली, “रामू, माझ्या गंगम्माचं नाव डासांच्या शेजारी लिहिलंस तर घरात जेवायला येऊ नकोस.”

“अगं अक्का, तळं वाचवायचं आहे की नाही?”

“वाचवायचं आहे, पण तिला बाटवून नाही.”

मुनियप्पाचे म्हणणे तिसरेच होते. देवी आहे, हवा आहे, ते सगळे ठीक. पण आमच्या बापजाद्यांचा या दगडांवर हक्क आहे आणि तो हिरावून घेणे अन्याय आहे, हे पहिल्या ओळीत आले पाहिजे. दुसऱ्याच्या ओळीखाली तो अंगठा उठविणार नाही. तिघांचेही म्हणणे खरे होते, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे खरे किंचित अपमानाचे वाटत होते. काळोख पडू लागला तरी ते तसेच बसून होते. तेव्हा मी तोड काढली. प्रत्येकाचा अर्ज वेगळा. प्रत्येकाला ज्याची चाड, त्याच भाषेत. मी म्हणालो, एकाच खुंट्याला तीन बाजूंनी तीन दोर बांधले म्हणजे तो अधिक घट्ट उभा राहतो. सर्वांना ते पटले, आणि मला तर फारच पटले.

त्यानंतर मी जे तीन अर्ज लिहिले तसे पुन्हा लिहू शकलो नाही. बायकांच्या अर्जात प्रार्थना होती की, गंगम्माचे ठाणे भ्रष्ट होऊ नये आणि तिची पूजा खंडित होऊ नये. परटांच्या अर्जात, वाडवडिलांपासून चालत आलेला धुण्याचा व्यवसाय व त्याची जागा हिरावली जाऊ नये. पेन्शनरांच्या अर्जात, शुद्ध हवा व व्यायाम यांकरिता सार्वजनिक मोकळी जागा राखली जावी. प्रत्येक अर्ज मी ज्याचा त्याला वाचून दाखविला. परटांच्या वस्तीत वाचन संपले तेव्हा म्हातारे उठून उभे राहिले होते. इन्स्पेक्टरांनी इंग्रजीतील एक शब्द बदलला आणि पुन्हा होता तसा केला. अक्काने ऐकून डोळे पुसले आणि विचारले, “हे सगळं मी म्हणाले होते?”

“तुझ्या मनात होतं.”

“मग तुला कसं कळलं?”

असल्या प्रश्नांकरिताच मनुष्य धंदा करतो.

भर पावसाळ्यात उत्तरे आली. तिन्ही अर्ज मंजूर झाले होते. गंगम्माकरिता वसाहतीच्या कोपऱ्यावर नवे दगडी देऊळ बांधून मिळणार होते. परटांना नाल्यापलीकडे नळ असलेला घाट मिळणार होता. पेन्शनरांना बाकांसह बाग मिळणार होती. माझ्या कारकीर्दीत एकाच जागेसंबंधीचे तीन अर्ज एकदम मंजूर झाल्याचे दुसरे उदाहरण नाही. मुनियप्पाने मला झेंडूचा हार घातला. इन्स्पेक्टरांनी भाषण केले. देऊळ कोपऱ्यावर का, घाट पलीकडे का, हा विचार त्या दिवशी कोणीच केला नाही. तळे भरले होते, कोडी पडली होती, आणि बायका वाण सोडीत होत्या. अक्काचे सूप डुलत डुलत सांडव्याकडे निघाले. बाकीच्या बायका मागे उभ्या राहून टाळ्या वाजवीत होत्या. ते पाण्याचे शेवटचे वर्ष होते.

पाऊस ओसरल्यावर बांध फोडून पाणी सोडून देण्यात आले आणि मातीच्या लॉऱ्या येऊ लागल्या. अक्का चालत कचेरीपर्यंत आली. त्यापूर्वी ती माझ्या मेजापाशी कधीही आली नव्हती.

“रामू, ते हो म्हणाले होते ना?”

“हो म्हणाले.”

“मग माती का टाकताहेत?”

मी मेजावरचे कागद दगडाखाली ठेवले आणि तडक आत गेलो. या कामावरचे इंजिनिअर तरुण आणि सभ्य होते. त्यांनी मला खुर्ची दिली; ती अर्जनवीसाला सहसा मिळत नाही. तिन्ही अर्ज त्यांच्यापुढे होते.

“काही राहिलं का?” त्यांनी विचारले. “मी एकही मागणी नाकारलेली नाही.”

“साहेब, तळे?”

त्यांनी तिन्ही अर्जांच्या प्रार्थना पुन्हा वाचल्या. ओठ हलवीत वाचल्या. मग म्हणाले, “पाणी राहू द्या, असं यात कुठे आहे?”

“ते काय लिहायचं साहेब? देवी पाण्याची, धुणं पाण्यात, हवा पाण्यावरची.”

“मला वाटलं, पाणी जाणार हे धरूनच तुम्ही मागता आहात. प्रत्येकानं आपलं आपलं मागितलं होतं. मला बरंच वाटलं, सगळ्यांना देता येतंय म्हणून.”

ते थट्टा करीत नव्हते. मी उठलो.

त्या दिवशी मी चौथा अर्ज लिहिला. त्यात कारणे नव्हती. तळे तळे राहावे, एवढीच प्रार्थना होती. तो घेऊन अक्का आणि मी दारोदार गेलो. इन्स्पेक्टर दारात उभे राहूनच म्हणाले, “रायरे, बाग मिळते आहे. मिळालेलं नाकारलं तर उद्या बागही जाईल. लोकांच्या हिताचा विचार करा.” ते लबाडी करीत नव्हते. त्यांना बाग खरोखर हवी होती.

मुनियप्पाने अक्काला घोंगडी अंथरून बसविले. अक्का म्हणाली, “मी देऊळ नको म्हणून सांगते, मुनियप्पा. तू नळ नको म्हण. मग ते ऐकतील.”

मुनियप्पाने आपले पाय पुढे केले. घोट्यांपासून वर कातडी पांढरी पडून भेगाळलेली होती. “अक्का, आमच्या सुना पहाटेच्या गारठ्यात मांडीएवढ्या पाण्यात उभ्या राहतात. घाटावर कोरड्यात उभं राहून धुता येतं म्हणे. मी त्यांना काय सांगू? गंगम्माला आवडायचं नाही, असं सांगू?”

अक्का निघताना त्याच्या सुनेच्या डोक्यावरून हात फिरवून आली. चौथ्या अर्जावर एकच अंगठा उठला, तो तिचा. माझी सही अर्जनवीस म्हणून खाली होती; ती मोजली जात नाही.

नवे देऊळ ऐसपैस आहे. परटांचा घाट चांगला चालला आहे. बागेत इन्स्पेक्टर अखेरपर्यंत फिरत असत. माझ्याशी बोलताना ते बाकावर किंचित सरकून जागा करीत आणि तळ्याचा विषय काढीत नसत. पण पाऊस पडू लागला की दोघेही एकाच वेळी उत्तरेकडे, जिकडून पाणी येत असे तिकडे, पाहत असू. आमच्या घरासमोरचा रस्ता आजूबाजूच्या रस्त्यांहून उंच आहे. तेथे चढताना बस गिअर बदलते. तो बांध आहे हे नव्या भाडेकरूंना ठाऊक नाही. ते मला विचारतात की रस्ता असा का, आणि मी त्यांना सांगतो, आणि ते ‘असं का’ म्हणून आत जातात.

अक्का देवळाची झाडलोट करी, पण आत बसत नसे. पहिल्या वर्षी भाद्रपदात तिने दोन सुपे विकत आणली, त्यात सगळे घालून बांधले आणि मला म्हणाली, “बेळ्ळंदूरला जाऊ या.” आमच्या तळ्याचा सांडवा ज्या नाल्यात पडे, तो नाला गावाबाहेर जाऊन शेवटी बेळ्ळंदूरच्या मोठ्या तळ्याला मिळतो. आम्ही मिळेल त्या बसने आणि उरलेले पायी गेलो. भाताची शेते, मग बांध, मग एकदम डोळ्यांत न मावणारे पाणी. अक्का कितीतरी वेळ वाऱ्यात उभी होती. मग तिने आमच्या तळ्याचे नाव घेऊन वाण सोडले.

मी म्हणालो, “अक्का, तळंच नाही, मग कोडी कुठली? तुझाच नियम आहे.”

“आपलं पाणी याच वाटेनं इकडं यायचं. तू गप्प ऱ्हा.”

त्यानंतर तिचे पाय चालत होते तोवर आम्ही दरवर्षी गेलो. परतताना ती बसमध्ये माझ्या खांद्याला टेकून झोपे, आणि तिच्या लुगड्याला तो वास येई. शेवाळाचा, ओल्या सुताचा.

गेल्या आषाढात अक्का गेली. माळ्यावर तिने आधीच आणून ठेवलेली सुपे निघाली. भाद्रपदात मी ती भरली, कसे भरावयाचे ते शेजारणीला विचारून भरली, आणि बेळ्ळंदूरला नेली. पुरुषाने वाण सोडावयाचे नसते. बांधावर एक बाई गवत कापीत होती. तिने सूप पाहून विळा खाली ठेवला.

“हे कुणाचं?”

“बहिणीचं. ती आता नाही.”

“मी सोडते, अण्णा. पण तळं कुठलं ते सांगा. नाव घ्यावं लागतं.”

मी नाव सांगितले. तिने ते कधी ऐकले नव्हते. हात धुऊन, पदर डोक्यावर घेऊन तिने सूप उचलले आणि पाण्याशी जाऊन थांबली.

“कोडी पडली का तिथली? पडल्याशिवाय सोडू नये.”

इतकी वर्षे मी हकीकती लिहितो आहे. अर्जदाराने कितीही गळ घातली तरी त्या भागात मी कधी असत्य विधान केलेले नाही. या आवारात कोणासही विचारावे.

“पडली,” मी म्हणालो. “काल सकाळी पडली. सगळे बांधावर उभे होते. बायका होत्या, मुनियप्पाची माणसं होती, इन्स्पेक्टर होते.”

“सरी,” ती म्हणाली, आणि वाकून तिने वाण पाण्यावर सोडले.